पन्हाळा ते पावनखिंड स्मृतिवाटचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की आमचे फोन वाजायला लागतात. त्यातले बहुतेक प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. नाव नोंदवण्याआधी एकदा सगळं वाचा. विशेषतः जे "मस्त पावसाळी ट्रेक आहे ना?" असं विचारतात, त्यांनी.

ही वाटचाल नेमकी कशासाठी?

१६६० च्या जुलैत या वाटेवर जे मावळे पडले, त्यांच्यासाठी.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तुकड्यातुकड्यांनी. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला आणि त्याच महिन्यात पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च १६६० मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडेल, हा नेहमीचा हिशोब. जौहरने तो चुकवला. छावणीवर छपरं घालून तो बसून राहिला. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. चार महिने असे गेल्यावर शिवाजी महाराजांनी शरण येत असल्याचा निरोप पाठवला, पहारा जरा सैलावला आणि आषाढातल्या पौर्णिमेच्या रात्री सुमारे सहाशे मावळ्यांनिशी ते गडाबाहेर पडले. विशाळगड गाठायचा होता.

पालख्या दोन होत्या. एकीत महाराज, दुसरीत त्यांच्यासारखा पेहराव केलेले शिवा काशीद. ही दुसरी पालखी मुद्दाम पकडली जाईल अशा वाटेने गेली. पकडली गेली, सोंग उघडं पडलं आणि शिवा काशीद मारले गेले. तोवर मिळालेल्या वेळात खरी पालखी मसाई पठार ओलांडून पुढे गेली होती. जौहरचा सरदार सिद्दी मसूद घोडदळ घेऊन मागे लागला. गजापूरजवळच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे अर्धी माणसं घेऊन थांबले, महाराज उरलेल्यांबरोबर विशाळगडाकडे निघाले. तिथेही पायथ्याला आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होता, तो कापून वर जावं लागलं. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड लढवली गेली. सहाशे, तीनशे हे आकडे बखरींतून आणि परंपरेने आलेले आहेत. एक-दोन मोजून वाद घालू नये.

म्हणजे ही बाजीप्रभूंची पुण्यतिथीच ना?

बाजीप्रभूंची आहेच, पण फक्त त्यांची नाही. वाटचालीचा हेतू कुणी विचारला तर आम्ही हेच आधी सांगतो.

खिंडीत थांबलेले बहुतेक जण हिरडस मावळातले, तिथल्या बांदल देशमुखांचे लोक होते, आजच्या भोर तालुक्याच्या डोंगराळ भागातले. बाजीप्रभू मूळचे बांदलांचे दिवाण, भोरजवळच्या शिंद गावचे. त्यांचे भाऊ फुलाजी तिथेच पडले. रायाजी बांदलांचं नाव येतं. धनाजी जाधवांचे वडील शंभूसिंह हेही याच लढाईत कामी आले असं परंपरा सांगते. शिवा काशीद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे, जातीने न्हावी. एवढी नावं झाली की यादी संपते. बाकीच्या शेकडो लोकांची गावं तर्काने सांगता येतात, नावं नाहीत. लढाईनंतर दरबारातला पहिल्या मानाचा हक्क जेध्यांकडून बांदलांकडे गेला अशी नोंद सांगितली जाते. म्हणजे त्या काळीही हा पराक्रम एका माणसाचा नव्हे, एका जमावाचा मानला गेला होता.

त्यामुळे खिंडीत पोहोचल्यावर आम्ही जी नावं पुकारतो त्यात ही नावं असतात आणि मग "हिरडस मावळातले, नाव न नोंदलेले" असं म्हणून सगळे मिळून मुजरा करतात. भाषण नसतं. दर वर्षी कुणी ना कुणी भाषणासाठी वेळ मागतो. मिळत नाही.

तारीख कोणती धरता? १२-१३ जुलै की गुरुपौर्णिमा?

याच्यावर दर वर्षी चहाच्या टपरीवर तास जातो, म्हणून नीट सांगतो.

इतिहासाच्या पुस्तकांत १२ जुलै १६६० ही तारीख येते ती जुन्या, ज्युलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस २२ जुलै होतो. तिथी आषाढ पौर्णिमा. म्हणून काही मंडळं तारखेने निघतात, काही तिथीने, आणि बहुतेक जण दोन्हींच्या आसपासचा शनिवार-रविवार पकडतात कारण नोकरी सगळ्यांनाच आहे. आम्हीही तेच करतो. तिथीचा आग्रह धरणाऱ्यांशी आमचं भांडण नाही, पण मधल्या बुधवारी रजा काढून या म्हटलं की आग्रह बराच मवाळ होतो.

किती चालावं लागतं? किती दिवस?

पन्हाळा ते पावनखिंड पन्नास किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांत. कुठली वाट धरली, शेतं टाळायला किती वळसा घातला यावर चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे होतात. घड्याळातलं जीपीएस दाखवतं ते खरं धरून संयोजकांशी हुज्जत घालू नका.

पहिल्या दिवशी गडावरच्या बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन करून निघायचं, म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर चढायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या घेत करपेवाडीच्या बाजूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, जंगलातला लांब टप्पा, पांढरेपाणी आणि खिंड.

चढ फार नाहीत. ज्यांनी कळसूबाई-हरिश्चंद्रगड केलंय ते हे ऐकून निर्धास्त होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लंगडत असतात. इथला त्रास उंचीचा नाही, चिखलाचा आहे. घोट्यापर्यंतचा, चपला-बूट ओढून घेणारा तांबडा चिखल, तासन् तास. सपाटीवरचा एक किलोमीटर इथे दीड किलोमीटरचा होतो.

मसाई पठारावर वाट चुकते म्हणतात, खरं का?

खरं आहे. पठार जांभ्या दगडाचं, लांबच लांब आणि सपाट. खुणेला झाड नाही, टेकडी नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि वारा असा की हाक उलट दिशेने आल्यासारखी वाटते. त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन, दिवट्या न पेटवता, पावसात हे पठार पार केलं गेलं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वाटाडे स्थानिक असणार, दुसरं काय.

पठारावर आम्ही रांग तोडू देत नाही. मसाई देवीच्या देवळाशी सगळे जमल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. पठाराच्या कड्यात जुनी कोरीव लेणी आहेत, पांडवदरा म्हणतात; ती बघायची हौस असेल तर हिवाळ्यात वेगळे या.

मग रात्रीच का नाही चालत? महाराज तर रात्री गेले होते.

महाराजांच्या मागे घोडदळ होतं, तुमच्या मागे नाही. काही गट रात्री चालतात, त्यांची तयारी तशी असते. आमच्याबरोबर साठीतली माणसं असतात, दहावीतली पोरं असतात. जंगलात गवे आहेत, पायाखाली फुरसं असू शकतं, ओढ्याला पाणी किती आहे ते अंधारात कळत नाही. आम्ही उजाडताना निघतो आणि दिवे लागायच्या आत मुक्कामाला पोहोचतो.

काय घालायचं, काय आणायचं?

बूट नवे नकोत. आधी महिनाभर वापरलेले, तळव्याला चांगले दाते असलेले. महागडे जलरोधक बूट आणणाऱ्यांना सांगतो की पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर येत नाही. साधे, पटकन पाणी सोडणारे बूट बरे.

मोज्यांचे जास्तीचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणा. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मग चहा. उलटं केलं की चिखल्या होतात, आणि एकदा चिखल्या झाल्या की दुसऱ्या दिवशीचं प्रत्येक पाऊल आठवण करून देतं. मांड्या घासतात त्यांनी व्हॅसलीन. पाठीवरच्या पिशवीत आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा. वरून घालायचं आवरण वाऱ्याने उडून दरीत जातं.

छत्री पठारावर टिकत नाही. रेनकोट चालेल. सगळ्यात उत्तम मात्र तिथले शेतकरी वापरतात ती खोळ: मोठ्या प्लॅस्टिकच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात सारून केलेली टोपरी, डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत. पाठीवरच्या ओझ्यासकट झाकते, घाम कोंडत नाही. म्हाताऱ्या माणसाकडे अजून एखादं बांबूचं इरलं दिसतं. पोरं फोटो काढायला धावतात. विचारून काढा, तो माणूस रोप लावतोय, तुमच्यासाठी उभा नाही.

घरचा चिवडा, गूळ-शेंगदाणे, स्वतःचं ताट-वाटी आणि पाण्याची बाटली आणा. बाटलीबंद पाणी आम्ही देत नाही.

जळवांचं काय?

असतात. जंगलाच्या टप्प्यात जास्त. मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा, चिकटलेली जळू उपटू नका, मीठ लावलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. पायाला आधीची जखम असेल तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चिखलात, गुरांच्या वाटेवर उघडी जखम घेऊन दोन दिवस चालणं म्हणजे लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला) आमंत्रण.

वजन घेऊन चालू का? काही जण वाळूची पोती घेऊन चालतात.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स इथे दर वर्षी एक स्मृतिवाटचाल होते. १९४२ मध्ये फिलिपिन्सच्या बतान द्वीपकल्पावर हजारो फिलिपिनो आणि अमेरिकी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले आणि त्यांना अन्नपाण्याविना शंभर किलोमीटरच्या आसपास चालवत नेलं गेलं. वाटेत हजारो मेले. न्यू मेक्सिकोच्या नॅशनल गार्डचे बरेच जवान त्यात होते, म्हणून १९८९ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या छात्रसैनिकांनी ही वाटचाल सुरू केली. मॅरेथॉनएवढं अंतर, वाळवंटातून. त्यात एक वजनदार गट असतो, पाठीवर किमान ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. पुष्कळ जण ते वजन तांदूळ, डाळ, डबे असं भरतात आणि शेवटी गरजूंसाठी देऊन टाकतात.

ही कल्पना आम्हाला आवडली, वजन नाही आवडलं. वाळवंटातली कोरडी वाट आणि आमचा चिखल यांत फरक आहे. १६ किलो घेऊन बांधावरून घसरलात तर गुडघा जातो. म्हणून आमच्याकडे असं आहे: ज्याला हवं त्याने एक किलो काहीतरी घ्यावं. वह्या, डाळ, साखर. मुक्कामाच्या वाडीतल्या शाळेत ते द्यायचं. जुने कपडे नकोत. अगदी नकोत.

जेवण-राहण्याची सोय?

मुक्काम वाडीतल्या घरांत आणि शाळेत. सतरंजी असते, गादी नसते. जेवण गावातल्या बायका करतात: भात, आमटी, नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, खर्डा. त्याचे पैसे थेट त्यांच्या बचत गटाला जातात. मांसाहार नाही, दारू नाही. दारू सापडली तर पहिल्या एसटीने परत, आणि ही एसटी कधी येते ते एसटीलाच माहीत.

स्त्रियांसाठी झोपायची वेगळी खोली असते. शौचालयं घरांतली वापरायची असतात, म्हणून रांग लागते. दिवसभराच्या वाटेवर सोय नाही, आडोसा शोधावा लागतो. बरोबरच्या जुन्या बायका सगळं सांभाळून घेतात. पाळी चालू असेल तर यावं की नाही, असं विचारणारे फोन येतात. तुम्हाला चालवत असेल तर या. वापरलेलं सामान कागदात बांधून परत न्यायचं, एवढंच.

वाट शेतांतून जाते. शेतकऱ्यांची हरकत नसते?

हल्ली असते, आणि त्यांचं बरोबर आहे. जुलै म्हणजे इकडे भात लावणीचे दिवस. खाचरात चिखलणी झालेली, पाणी बांधून धरलेलं. पंचवीस माणसं एका बांधावरून गेली की बांध दबतो, पाचशे गेली की फुटतो. बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खाली, आणि नुकतं लावलेलं रोप त्याच्याबरोबर. एका वर्षी पाटेवाडीच्या अलीकडे एक आजी खुरपं घेऊन बांधावर उभ्या राहिल्या होत्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. आमच्यापुढे गेलेल्या गटाने पाडलेलं खिंडार त्या मातीने बुजवत होत्या, आणि आम्ही आलेलो बघून थांबल्या होत्या, आता हे काय करतात म्हणून. आमच्यातल्या भोरकडच्या दोघांनी बूट काढले आणि हाताने बांध घातला. उरलेली रांग वळसा घालून गेली.

तेव्हापासून एका तुकडीत पन्नासच माणसं घेतो. नोंदणी लवकर का बंद होते, याचं उत्तर हे.

घोषणा, झेंडे, ढोल?

भगवा असतो, एक. पक्षाचा, मंडळाचा, नेत्याचा फोटो असलेला झेंडा नको. गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, होते: निघताना गडावर आणि पोहोचल्यावर खिंडीत. मधे वाटेत ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं, पण स्पीकर नाही. जंगलात गाणी लावून चालणारे गट भेटतात. त्यांना पुढे जाऊ द्यायचं.

मावळ्याचा पेहराव करून आलात तर हरकत नाही. तलवार खोटी असली तरी चिखलात पडलेल्या माणसाला टोचते, ती घरी.

खिंड कशी आहे? तिथे काय असतं?

अनेकांची निराशा होते, आधीच सांगतो. डोळ्यांसमोर चित्रांतली उंच कड्यांची अरुंद फट असते. प्रत्यक्षात हा झाडीतला, दगडधोंड्यांचा ओढ्याचा मार्ग आहे, कासारी नदीच्या उगमाकडचा. वर स्मारक आहे, खाली उतरायला लोखंडी शिडी. पाऊस जोरात असेल तर खाली पाणी इतकं असतं की उतरूच देत नाही. अशा वेळी नावं वरच पुकारतो. खाली उतरू दिलं नाही म्हणून कुणी कठड्यावर चढू नये.

ओढ्यात उभं राहिलं की एक गोष्ट कळते: इथे घोडा उपयोगाचा नाही. निसरडा दगड, वरून झाडी, बाजूला सरायला जागा नाही. कितीही फौज मागे असली तरी पुढे एका वेळी मोजकीच माणसं येऊ शकतात. बाजीप्रभूंनी थांबायला हीच जागा का धरली, ते नकाशापेक्षा इथे चटकन समजतं.

इंग्रजांचा काय संबंध? कुणीतरी वाटेत सांगत होतं.

सांगणारा खरं सांगत होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन त्यांचा प्रमुख, सिद्दी जौहरच्या मदतीला आले होते आणि पन्हाळ्यावर त्यांनी तोफा डागल्या, तेही आपलं निशाण फडकवून. व्यापारी म्हणून दिलेला शब्द मोडून. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठून वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह काही जणांना कैदेत टाकलं. नुकसानभरपाईसाठी इंग्रज पुढे कैक वर्षं वकील पाठवत राहिले.

आणि पन्हाळ्याचं पुढे काय झालं?

सप्टेंबर १६६० मध्ये तहात आदिलशाहीकडे गेला. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने साठ माणसांनिशी रात्री चढून तो परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे. विशाळगड नाही.

विशाळगडापर्यंत का नेत नाही? समाध्या तर तिथे आहेत.

बाजीप्रभू आणि फुलाजींच्या समाध्या विशाळगडावर आहेत, खरं आहे. तिसरा दिवस लागतो हे एक कारण. दुसरं असं की २०२४ च्या जुलैत गजापूर-विशाळगड परिसरात जो हिंसाचार झाला त्यानंतर गडावर जाण्याबाबत प्रशासनाचे नियम बदलत असतात. ज्यांना जायचं असेल त्यांनी शाहूवाडी पोलिसांकडे आधी चौकशी करून, स्वतःच्या जबाबदारीवर जावं. आमच्या नावाने तिथे कुणीही काहीही करू नये. या वाटेवरच्या गावांत सगळ्या धर्मांची घरं आहेत आणि पावसात थांबलेल्या माणसाला त्यातल्या कुणीही चहा दिलेला आहे.

वय किती हवं? फिटनेस?

चौदा पूर्ण, वर मर्यादा नाही. निघण्याआधीच्या महिन्यात एकदा तरी एका दिवसात वीस किलोमीटर चालून बघा, शक्यतो पावसात. मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवा. अर्ध्यात थांबावंसं वाटलं तर करपेवाडीपर्यंत गाडी येते. त्यानंतर नाही. म्हणून पहिल्या रात्री प्रत्येकाला विचारतो. तेव्हा खरं सांगा.

पाऊस फार असेल तर रद्द होते का?

पावसाने नाही, पाण्याने होते. ओढे चढले किंवा रेड अलर्ट लागला तर त्याच दिवशी सकाळी निर्णय. पैसे परत मिळत नाहीत, कारण वाडीत शिधा आधीच भरलेला असतो.

कोल्हापूरला कसं यायचं, परत कसं जायचं?

रेल्वेने किंवा एसटीने कोल्हापूर, मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्याची एसटी, तास-सव्वातास. आदल्या रात्री गडावर मुक्कामाला या, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. परतीसाठी पांढरेपाण्याहून कोल्हापूरपर्यंत आम्ही गाड्या ठरवतो. पोहोचायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात, तेव्हा रविवारी रात्री आठची रेल्वे काढून ठेवू नका. पांढरेपाण्याला मोबाइलला रेंज नसते. घरी शनिवारीच सांगून ठेवा.